‘फक्त बिलं करते’ असं लिहिणाऱ्या काटोलच्या मुलीला

पत्र: ताई, मी काटोलची. २०२३ साली बी.कॉम. झाले, ६१ टक्के. तेव्हापासून घरीच आहे, म्हणजे मोठ्या बाबांच्या (मोठ्या काकांच्या) कृषी केंद्रात फक्त बिलं करते. मागच्या महिन्यात नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातल्या एका कंपनीत मुलाखत होती. ‘टेल मी अबाऊट युवरसेल्फ’चं उत्तर व्हिडिओ पाहून पाठ केलं होतं. चौथ्या वाक्याला अडकले आणि मग काहीच आठवेना. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी प्यायला पाणी दिलं आणि ‘कळवतो’ म्हणाले. माझं इंग्रजी कच्चं आहे आणि मराठीही आमच्याकडचीच, करून राहिली, जाऊन राहिली. आता वीस दिवसांनी बुटीबोरीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी बोलावलं आहे. आई म्हणते, या वेळी नाही जमलं तर लग्नाचं पाहू. ताई, आत्मविश्वास आणायचा कुठून?

काटोलच्या लेकी,

तुझ्या पत्रातल्या एका शब्दाभोवती मी पेनाने गोल केला आहे. ‘फक्त’. ‘कृषी केंद्रात फक्त बिलं करते.’ मागच्या मुलाखतीत तू का अडकलीस याचं कारण मला तुझ्या इंग्रजीपेक्षा या एका शब्दात जास्त दिसतं.

कृषी केंद्रातलं बिल कसं असतं ते मी लहानपणापासून पाहिलेलं आहे, माझं माहेर नरखेडकडचं. एकाच शेतकऱ्याच्या एकाच बिलावर कपाशीचं बियाणं असतं, युरियाच्या बॅगा असतात आणि फवारणीचं औषध असतं. बियाण्यावर जीएसटी नाही, खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. तीन ओळी, तीन दर. अनुदानाचं खत विक्रीची नोंद करणाऱ्या पीओएस मशीनवर, आधारसारखं ओळखपत्र घेऊनच द्यायचं असतं. मशीनमधला साठा, गोदामातला साठा आणि रजिस्टरमधला साठा जुळला नाही की तपासणीला आलेला माणूस बोट तिथेच ठेवतो. औषधाचा बॅच नंबर आणि मुदत सांभाळावी लागते. पहिला पाऊस पडला की दुकानासमोर माणसं मावत नाहीत, आणि त्या दिवशीही रात्री शटर पाडण्याआधी गल्ल्यातली रोकड आणि बिलांची बेरीज जुळलीच पाहिजे. वर उधारी. कोण कापूस विकल्यावर देतो, कोण आंबिया बहाराचा संत्रा उतरल्यावर देतो, कोणाला एकदा फोन केला की पुरतं आणि कोणाच्या घरी जावं लागतं, हे सगळं तुझ्या डोक्यात असणार. मोठ्या कंपनीत एवढ्याच कामासाठी वेगळा माणूस ठेवलेला असतो.

हे सगळं तू दोन वर्षं केलंस, आणि मुलाखतीत तू काय सांगत होतीस? व्हिडिओतल्या कुणा अनोळखी माणसाचं आयुष्य. ते चौथ्या वाक्याला निसटलं यात नवल काहीच नाही.

पाठ केलेला मजकूर कड्यांच्या साखळीसारखा असतो. पाचवं वाक्य चौथ्याला अडकवलेलं असतं आणि चौथं सापडलं नाही की पुढचं सगळं हातातून जातं. भीती वाटते तेव्हा छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं. मेंदूला एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवता येतात, आणि त्यातली बरीच जागा ‘आता माझं काय होणार’ या विचारानेच अडवलेली असते. केलेल्या कामाचं मात्र असं होत नाही. तुला मध्यरात्री उठवून कुणी विचारलं, मुदत संपलेल्या औषधाच्या बाटल्यांचं काय करता, तर तू डोळे चोळत सांगशील. कारण तिथे वाक्य आठवायचं नसतं. रॅक आठवतो, बाटल्या आठवतात, कंपनीच्या माणसाशी झालेलं बोलणं आठवतं.

मी २६ वर्षं हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांमध्ये मनुष्यबळ विभागात काम केलं. टेबलाच्या पलीकडे बसून हजारभर मुलामुलींशी बोलले असेन. एकदा स्टोअरकीपरच्या जागेसाठी दोघं आले होते. एकाचं बोलणं फार सफाईदार होतं, मेहनती, प्रामाणिक, टीमबरोबर काम करणारा, सगळे गुण त्याने ओळीने सांगितले. दुसरा हार्डवेअरच्या दुकानात होता. त्याला विचारलं, माल कमी भरला तर काय करतोस? तो म्हणाला, आधी वजन करतो, कारण नटबोल्ट मोजणारा माणूस चुकतो पण काटा चुकत नाही. मग त्याने काटा कुठे ठेवतो, किती वजनाला किती नग बसतात, ते हाताने हवेत दाखवत सांगितलं. त्याचा शर्ट विटका होता. आम्ही त्यालाच घेतलं, आणि मला तो निर्णय घ्यायला दहा मिनिटंही लागली नव्हती. मुलाखत घेणाऱ्याला आतून एकच काळजी असते: हा माणूस सोमवारी कामावर आला तर माझं ओझं हलकं करेल का? त्या काळजीला उत्तर देणारं जे काही तू बोलशील ते त्याला आत्मविश्वासासारखंच ऐकू येईल, तुझे हात टेबलाखाली थरथरत असले तरी.

म्हणून आज एक वही घे. नवी कोरी नको, दुकानातली अर्धी वापरलेली चालेल. त्यात तू काय काय करतेस ते लिही, सकाळी दुकान उघडल्यापासून. ‘बिलं करते’ असं लिहायचं नाही. गर्दीच्या दिवशी किती बिलं होतात? उधारीचे खातेदार किती? खरेदीची बिलं किती पुरवठादारांची येतात? टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, तू यायच्या आधीपासून होतं की तुझ्यामुळे सुरू झालं? बँकेचं स्टेटमेंट आणि रोजकीर्द महिन्यातून किती वेळा जुळवतेस, आणि मागच्या वेळी फरक कशाचा निघाला? जीएसटीचे कागद सीएकडे कोण नेतं? तू दुकानात बसायला लागलीस तेव्हा किती उधारी थकलेली होती, आणि यंदाच्या मार्चअखेर किती? प्रत्येक ओळीत एक आकडा आलाच पाहिजे. आकडा माहीत नसेल तर वह्या काढून मोज. अंदाजाने लिहू नकोस, कारण खोटा आकडा दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

त्याच वहीत तीन प्रसंग लिही. एक, जेव्हा हिशोब जुळत नव्हता आणि तू तो जुळवलास. दुसरा, जेव्हा एखाद्या गिऱ्हाइकाशी किंवा पुरवठादाराशी वाजलं आणि तू ते निभावलंस. तिसरा, तुझ्या हातून झालेली खरी चूक आणि त्यानंतर तू कामात काय बदललंस. ‘तुमची कमजोरी सांगा’ असं विचारलं की मुलं ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ म्हणतात. समोरच्याने ते त्या दिवशी चौथ्यांदा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा ‘एकदा मी ५ टक्क्यांच्या मालाला १८ टक्के लावले, शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी येऊन दाखवलं, तेव्हापासून नवा माल आला की आधी दर तपासून मगच टॅलीत टाकते’ असं सांगणारी मुलगी मला कधीही जास्त भरवशाची वाटेल. हे उदाहरण माझं झालं. तू तुझंच सांग.

आता ‘स्वतःबद्दल सांगा’. याचं उत्तर मिनिटभराचं असावं. आई-वडील काय करतात, छंद कोणते, हे कुणी विचारल्याशिवाय नको. तुझं उत्तर साधारण असं होईल: ‘मी काटोलची. २०२३ ला बी.कॉम. झाले. तेव्हापासून आमच्या घरच्या कृषी केंद्राचा हिशोब सांभाळते. रोजची बिलं, खरेदीच्या नोंदी, बँकेची जुळवणी आणि उधारीची वसुली माझ्याकडे आहे. तीन वेगवेगळ्या दरांची बिलं टॅलीत करते आणि महिन्याचे जीएसटीचे आकडे काढून सीएंना देते. आता याहून मोठ्या व्यवहाराच्या ठिकाणी शिकायचं आहे, म्हणून तुमच्याकडे अर्ज केला.’ हेही पाठ करू नकोस, माझी शपथ आहे. चार खुंट्या लक्षात ठेव: कुठली, काय करते, कशात हात बसला आहे, इथे का. रोज या चार खुंट्यांवर वेगळ्या शब्दांत बोल. एकदा आजीला सांग, तिला जीएसटी म्हणजे काय ते समजेल अशा भाषेत. एकदा मोठ्या बाबांना साहेब करून गल्ल्यामागे बसव आणि त्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारू दे. फोनवर रेकॉर्ड करून ऐक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून कसंनुसं होतं, सगळ्यांचंच होतं. तिसऱ्या दिवशी तू आवाजाकडे न बघता बोलण्याकडे बघू लागशील.

दोन वर्षांची गॅप आहे, असं तू स्वतःहून कुठेही म्हणू नकोस, कारण ती नाहीच. बायोडाटात ते काम तारखांसकट लिही आणि मोठ्या बाबांकडून दुकानाच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घे. ‘घरचंच दुकान का?’ असं विचारलं तर लपवायचं काही नाही: ‘हो, माझे मोठे बाबाच आहेत. पण मार्चअखेरला हिशोब सीएंना द्यावाच लागतो, तिथे घरचं-बाहेरचं चालत नाही.’ पगार ठरलेला नव्हता, हातखर्चाला मिळत होते, असं असेल तर तसंच सांग. आपल्याकडे घरच्या धंद्यात राबणाऱ्या मुलींच्या कामाला काम म्हणायची पद्धत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. मुलगा गल्ल्यावर बसला की तो ‘धंदा सांभाळतो’, मुलगी बसली की ती ‘घरीच असते’. तुझ्या पत्रातही तू तसंच लिहिलं आहेस.

बोलीचं सांगते. माझी पहिली मुलाखत मी बावीस वर्षांची असताना नागपुरातल्या एका कारखान्यात झाली. मी म्हणाले, ‘मी टायपिंगचा क्लास करून राहिली.’ समोरच्या तिघांतल्या एकाने ते ‘करून राहिली’ माझ्याच सुरात परत म्हटलं आणि बाकीचे हसले. त्यानंतर मी हो आणि नाही याच्यापुढे एक शब्द बोलले नाही. नोकरी मिळाली नाही. कित्येक वर्षं मला वाटत होतं की माझी भाषा नडली. पुढे मी स्वतः मुलाखती घ्यायला लागले तेव्हा लक्षात आलं की हसणारा माणूस चुकला होता, आणि तो हसल्यावर मी माझं सगळं काम सांगायचं सोडून दिलं, तिथे माझं नुकसान झालं. तुझ्या वेळी कुणी हसलं तर थांब, एक श्वास घे आणि वाक्य पूर्ण कर. तेवढंच.

नाहीतरी बुटीबोरीच्या ऑफिसात शुद्ध पुस्तकी मराठी बोलणारं कोण बसलं आहे? १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी इथे बाजारात, कचेरीत, घरात मुरलेली आहे. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात तर ड्रायव्हर पंजाबचा, माल आंध्रचा आणि मालक इथला. तुझी मुलाखत तीन भाषांत होईल अशी तयारी ठेव. प्रश्न इंग्रजीत आला तर पहिली दोन वाक्यं इंग्रजीत बोल, छोटी आणि सरळ, आणि मग विचार: ‘सर, पुढचं हिंदी-मराठीत सांगितलं तर चालेल का? म्हणजे नीट सांगता येईल.’ बहुतेक जण हो म्हणतात. जे नाही म्हणतात त्यांना त्या जागेवर खरंच इंग्रजी लागत असतं, आणि ते तुला तिथेच कळलेलं बरं. तू रोज वापरतेस ते शब्द, इनव्हॉइस, लेजर, आउटस्टँडिंग, रिकन्सिलिएशन, हे इंग्रजीच आहेत की.

आता त्या कंपनीचा अभ्यास. इथे वीसपैकी आठ दिवस घाल, कारण बहुतेक उमेदवार हे करतच नाहीत. ट्रान्सपोर्टवाल्याचा पैसा कसा फिरतो ते समजून घे. गाडी भरली की बिल्टी, म्हणजे मालाची पावती, निघते. ड्रायव्हरला डिझेलचा आणि वाटखर्चाचा अ‍ॅडव्हान्स जातो, फास्टॅगमधून टोल कटतो. माल पोचल्याची सही असलेला कागद परत येतो, त्याला ते पीओडी म्हणतात, आणि तो आला नाही की गिऱ्हाईक भाडं अडवून धरतं. म्हणजे शेवटी काय, तुझ्या दुकानासारखीच उधारी, फक्त कापसाऐवजी कागदाची वाट पाहायची. हे तू तिथे बोललीस तर समोरचा खुर्चीत सरसावून बसेल.

ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, याबद्दल नक्की वाचून जा. माल ५० हजारांच्या वर असला की साधारणपणे ते लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल नेताना ही मर्यादा १ लाखाची आहे. मुदत अंतरावर ठरते, साध्या मालाला दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस. कागदावर गणित करून बघ. समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर आहे, ५ जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला. तेवढ्या अंतराला ई-वे बिल किती दिवस चालेल? तीनदा २०० म्हणजे ६००, वर राहिले १०१, त्याचा एक दिवस. चार दिवस. असं एक गणित स्वतःच्या हाताने केलं असलं की प्रश्न कसाही फिरवून आला तरी तू घाबरणार नाहीस.

बाकी अकाउंट्सचे नेहमीचे प्रश्न तुझ्या दुकानातच सापडतील. डेबिट नोट आणि क्रेडिट नोटमधला फरक? मुदत संपत आलेल्या बाटल्या कंपनीला परत केल्या तेव्हा तुम्ही डेबिट नोट काढली असेल आणि कंपनीने क्रेडिट नोट दिली असेल, तीच गोष्ट सांग. दर महिन्याला विवरण भरणाऱ्यासाठी जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या विवरणाची, तारीख ११ आणि ३बी ची, म्हणजे कर भरायच्या विवरणाची, २०. खरेदीवर भरलेला कर वजा मिळतो की नाही ते जीएसटीआर-२बी या उताऱ्यात दिसतं. पुरवठादाराने आपलं बिल चढवलंच नसेल तर? तू त्याला फोन करतेस ना? मग ‘फोन करून बिल चढवायला लावते’ हेच उत्तर.

आणि जे येत नाही ते? टीडीएस, घसारा, मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर, यातलं बरंच तू केलेलं नसशील. तेव्हा शांत राहून म्हणायचं, ‘हे मी केलेलं नाही. आमच्याकडे टीडीएसचं काम सीए बघतात, मी त्यांना कागद लावून देते. दाखवलंत तर शिकेन.’ असं उत्तर देणाऱ्या माणसावर मी नेहमी जास्त भरवसा ठेवला. न येणारी गोष्ट येते म्हणणाऱ्याच्या हातात तिजोरीची किल्ली कोण देईल?

उत्तर देण्याआधी थांबायची भीती बाळगू नकोस. तीन-चार सेकंद तुला तासासारखे वाटतात. समोरच्याला वाटतं, मुलगी विचार करते आहे. पुन्हा कधी मध्येच अडकलीस तर सरळ म्हण, ‘माफ करा, जरा गडबडले, पुन्हा सुरू करते,’ आणि खुंटीवर परत ये. मागच्या वेळी तू रडलीस म्हणून तुला लाज वाटते आहे, ते पत्रात न लिहिताही दिसतं. बाळा, माझ्यासमोर चाळिशीतली माणसंसुद्धा रडली आहेत. त्यातल्या काहींना मी कामावर घेतलं.

लग्नाबद्दल विचारतील. मुलींना विचारतातच, आणि ते मला कधीही पटलं नाही. भरतीत बाई-पुरुष असा भेद करायला कायद्याने मनाई आहे, पण त्या खोलीत तू कायदा सांगत बसावंस अशी माझी अपेक्षा नाही. त्यांना भीती असते की शिकवून तयार केलेली मुलगी सहा महिन्यांत जाईल. त्या भीतीला तेवढंच उत्तर दे: ‘मला हे काम शिकून यात टिकायचं आहे. येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय मी बघून ठेवली आहे.’ पुढे कुणी खोदून विचारू लागलं तर ‘सध्या माझं लक्ष नोकरीवर आहे’ म्हणून थांब. पण सोय खरोखर बघून ठेव. काटोल ते बुटीबोरी रोज येणं-जाणं जमणारं नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

पगाराची गोष्ट. आकडा आधी त्यांना सांगू दे. तुलाच विचारला तर त्या भागात अशा जागेला काय मिळतं ते ओळखीच्या दोघा-तिघांकडून आधी काढून ठेवलेलं असू दे. आणि ‘सीटीसी’, म्हणजे कंपनीला तुझ्यावर होणारा एकूण खर्च, म्हणाले तर हातात किती येतील ते नम्रपणे विचार. मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ तुझ्याकडून कटतो, तेवढाच कंपनी भरते, आणि कंपनीचा तो वाटाही पुष्कळदा सीटीसीत धरलेला असतो. पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत असला तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागतो, त्यात तुझे ०.७५ टक्के जातात, पण दवाखान्याची सोय होते. खोलीभाडं देऊन राहायचं आहे, तेव्हा हे गणित तुला आधीच माहीत हवं. विचारण्यात लाजायचं कारण नाही, तू हिशोबाच्याच नोकरीला चालली आहेस.

एक गोष्ट बजावून सांगते. मुलाखतीच्या, ट्रेनिंगच्या, ड्रेसच्या नावाखाली कुणी आधी पैसे मागितले तर उठून ये. अनामत म्हणून मूळ मार्कशीट ठेवून घ्यायला मागितली तरी उठून ये. नागपुरात नोकरीच्या आशेने आलेल्या मुलांकडून पैसे घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ती मुलं घरी सांगू शकत नाहीत म्हणून ते लोक पुन्हा पुन्हा तेच करतात. खरी कंपनी तुला पैसे देते, तुझ्याकडून घेत नाही.

त्या दिवसाचं. काटोलहून सकाळी निघून बुटीबोरी गाठायचा विचारही करू नकोस. आदल्या दिवशी नागपुरात नातेवाइकांकडे किंवा मैत्रिणीकडे ये. मे महिन्यात इथे पारा ४५ ला टेकतो. सीताबर्डीहून मेट्रोने खापरीपर्यंत थंडगार जाता येईल, पण बुटीबोरी तिथून बरीच पुढे आहे, वर्धा रोडने बस किंवा ऑटो बघावा लागेल. तो शेवटचा टप्पा जमलं तर एकदा आधी जाऊन बघ. एमआयडीसीत प्लॉट नंबर शोधताना माणूस उन्हात गोल गोल फिरतो. तास-दीड तास हाताशी ठेव. तोंडाला, डोक्याला ओढणी बांधून जा, आत शिरायच्या आधी सुटी करून तोंड धू, पाणी पी, वीस मिनिटं सावलीत बस. घाम वाळला की धडधडही निम्मी होते. श्वास आत घेशील त्याहून हळू बाहेर सोड, पाच-सहा वेळा. कपडे साधे, इस्त्री केलेले, ज्यात तू दुकानात दिवसभर बसू शकतेस असे. सकाळी तर्री-पोहे नकोत, उपाशीही नको. वरण-भात खाऊन नीघ. मूळ कागद एका फाईलमध्ये, झेरॉक्सचे दोन संच वेगळे.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ म्हणतील. नाही म्हणू नकोस. विचार, ‘पहिल्या तीन महिन्यांत या जागेवरच्या माणसाने काय सांभाळावं अशी तुमची अपेक्षा आहे?’ किंवा ‘पीओडी यायला साधारण किती दिवस लागतात, त्याचा पाठपुरावा अकाउंट्सच करतं का?’ दुसरा प्रश्न तुझ्या तोंडून आला तर मला फार आनंद होईल. निघताना ‘कधीपर्यंत कळेल’ तेही विचार, आणि त्या दिवसापर्यंत काही आलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक फोन कर.

आईला माझा निरोप सांग. म्हणावं, या मुलीने दोन वर्षं एका दुकानाची उधारी सांभाळली आहे. एका मुलाखतीवर तिचा निकाल लावू नका. बुटीबोरीला नाही जमलं तर हिंगणा आहे, मिहान आहे, कळमन्याच्या बाजारात हिशोबाला माणूस शोधणारे अडते आहेत. तुझी वही त्या प्रत्येक ठिकाणी चालेल.

आज रात्री शटर पाडल्यावर मोठ्या बाबांना थांबव. २०२३ च्या मार्चअखेरची थकलेली उधारी किती होती आणि यंदाची किती, दोन्ही वह्या समोर ठेवून काढा. आकडा निघाला की मला कळव.

तुझी,
ताई